ह्यूगोपर्यंतची चौसष्ट पानं

या, असे पुढे या. खांबाला टेकून बसलात ते ठीक, पण स्वल्प जवळ सरका. टाळ खाली ठेवा. ही कथा मोठ्या आवाजात सांगायची नाही. थकल्या माणसांची आहे, तिला हलक्या हातानं उचलावं लागतं. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही. एक ग्रंथ आहे, जो छापायला बारा वर्षं लागली. एक पाद्रीबाबा आहेत, ज्यांनी तो लिहिला. आणि एक जुळारी आहे, ज्यानं तो खिळा खिळा लावून जुळवला आणि शेवट हाताशी आला असताना स्वतःच्याच हातांनी मोडला. का मोडला, ते सांगतो.

जुळाऱ्याचं नाव खंडोजी. राहणार बेंगळूरच्या चामराजपेटेत. घराणं मराठी, पण किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते त्यालाही मोजता येत नसे. घरात मराठी, दारात कन्नड. रोज सकाळी सायकल हाणत तो दंडू, म्हणजे छावणी भागातल्या एका मिशनच्या छापखान्यात जाई. तिथं त्याचा बाप रघुजीही जुळारीच होता. शिशाचे खिळे, एका खिळ्यावर एक अक्षर, एकेक करून उचलायचे, ओळ लावायची, ओळींचं पान बांधायचं. पान छापून झालं की तेच खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे. याला ते लोक पान सोडणं म्हणत. जुळवायचं आणि सोडायचं, एवढ्यात रघुजीचा जन्म गेला होता आणि खंडोजीचाही चालला होता.

सन एकोणीसशे चोपन्नमध्ये फादर रायप्पा त्या छापखान्यात आले. आले म्हणजे एक लोखंडी पेटी आणि एक छत्री घेऊन आले. हासनकडच्या शेतकरी घरातला माणूस, उंच, खांद्यात वाकलेला. कन्नड बोलणाऱ्या कॅथलिकांसाठी त्यांना ज्ञानकोश करायचा होता: संत, सण, संस्कार, पोप, प्रार्थना, सगळं अकारापासून क्रमवार. चार खंड. "पाच वर्षांत होईल," ते म्हणाले. छापखान्याचे व्यवस्थापक ब्रदर चौरप्पा यांनी नुसता चष्मा काढून पुसला.

पहिलं भांडण संतांवरूनच झालं. लोक संत सेबास्त्यान म्हणतात, संत अंतोनी म्हणतात. मग सगळे संत 'सं'मध्ये घालायचे, असं फादरांच्या मनात होतं. खंडोजी तेव्हा ओळखीचाही नव्हता, तरी स्टुलावरून बोललाच.

"फादर, एवढे सगळे एकाच खणात बसवलेत तर शेवटचा खंड उचलायला हमाल लागतील. त्यांना आपापल्या नावानं बसू द्या."

फादर वळून बघत राहिले. मग म्हणाले, "नाव काय तुझं?"

"खंडोजी."

"सरी, तसंच करू, खंडोजण्णा. संत आपापल्या घरी."

तिथून दोघांचं जमलं. खंडोजीला कीर्तनाचं वेड होतं. चामराजपेटेतल्या विठोबाच्या देवळात शनिवारी कीर्तन असे, आणि तो कधी चुकवत नसे. बुवांनी शनिवारी जी चाल म्हटली ती आठवडाभर त्याच्या ओठांवर असायची, आणि हाताला तिचाच ठेका लागायचा. मग जे पान समोर असेल ते त्या चालीत. संत लॉरेन्सला निखाऱ्यांवर भाजलं, दिंडीच्या चालीत. संतानं कुष्ठरोग्याला मिठी मारली, साकीच्या चालीत. बाकीचे जुळारी त्याला "खिळेबुवा" म्हणून चिडवत. एकदा फादर मागे येऊन उभे राहिलेले त्याला कळलं नाही.

"आमच्या लॉरेन्सला कुठल्या चालीत भाजतोयस?"

खंडोजी ओशाळला. "चूक झाली, फादर."

"चूक कसली? मी लिहिलं तेव्हा तो असा मेला नव्हता. परत म्हण."

पुढे पुढे फादर एखादी नोंद पुरी झाली की कागद देताना म्हणत, "बघ, चालीत बसतंय का? अडखळलास तर वाक्य माझं वाईट आहे." आणि अडखळला की ते खरोखरच वाक्य बदलत.

पण पाच वर्षांत कसलं होतंय! पहिला खंड छप्पनला निघाला, दुसऱ्याला एकोणसाठ उजाडलं. मध्येच कागद मिळेना, मध्येच यंत्राचा दांडा मोडला, मध्येच एका विद्वानानं पत्र लिहून बावीस चुका दाखवल्या आणि त्यांतल्या एकोणीस खऱ्या निघाल्या. तिसरा खंड बासष्टच्या उन्हाळ्यात बांधून झाला. फादरांचे केस पांढरे झाले होते. खंडोजीला चाळिशी लागली होती. हाताखालची चांगली माणसं एकेक करून नव्या सरकारी कारखान्यांकडे गेली. तिथं बस न्यायला येते, दुपारी जेवण मिळतं. खंडोजीची बायको गोजराबाई रोज विचारी, "अहो, तुमच्या फादरांचे देव अजून किती राहिलेत?"

"एक खंड."

"मागच्या वर्षीही एकच होता."

"मागच्या वर्षी दोन होते, गोजरा."

"मला मेलीला काय मोजता येतंय," ती म्हणायची आणि ताटात भाकरी टाकायची.

चौथ्या खंडाचा शेवट ठरलेला होता. क्रमानं सगळ्यांत मागे राहणारं नाव ह्यूगो नावाच्या संताचं. नऊशे वर्षांपूर्वीचा हा एका डोंगराळ गावचा बिशप. अंगावर जबाबदारी पडली ती नको म्हणून दोन वर्षांत मठात पळून गेला, तर पोपनं परत धाडला. पुढं सगळा जन्म डोकेदुखीनं हैराण. नवा पोप गादीवर आला की हा अर्ज करायचा, मला सोडवा. आणि प्रत्येक जण म्हणायचा, नाही, तूच राहा. तसाच म्हातारा होऊन मेला. फादर रायप्पांनी ही नोंद सगळ्यांआधी लिहून ठेवली होती. "खंडोजण्णा, मला ह्यूगोपर्यंत ने," ते म्हणायचे. "ते माझं स्टेशन. तिथं मी उतरणार."

"नेतो की, फादर."

हे वचन लक्षात ठेवा बरं. पुढची सगळी कथा त्याला बांधलेली आहे.

त्रेसष्टच्या मध्याला चौथा खंड 'संस्कार' या शब्दाच्या अलीकडपर्यंत छापून झाला होता. पुढची, ह्यूगोपर्यंतची चौसष्ट पानं जुळवून, तपासून, दोरीनं बांधून तयार होती. छापायला तेवढी वरून परवानगी यायची राहिली होती. तिकडे रोममध्ये जगभरच्या बिशपांची मोठी परिषद भरली होती. पूजा कशी करावी, कुठल्या भाषेत करावी, सगळं नव्यानं ठरत होतं. वरच्या कचेरीतून चिठ्ठी आली: संस्कारांच्या नोंदी बदलाव्या लागतील, तूर्त थांबा.

थांबा म्हणजे किती, ते लिहिलं नव्हतं.

चौसष्ट पानं दगडी टेबलाखालच्या फळ्यांवर बांधलेलीच राहिली. आता गंमत अशी, की खिळे काही अमाप नसतात. चौसष्ट पानांत ते अडकले म्हणजे खण रिकामे. साधी लग्नपत्रिका जुळवायची तरी 'त'साठी पाय आपटावे लागत. ब्रदर चौरप्पा रोज फळ्यांकडे बघून उसासे टाकत. पण फादर म्हणत, "आज-उद्या पत्र येईल. हात लावू नका."

आणि इथंच ती मोडण्याची गोष्ट येते. त्या छापखान्यात रघुजीच्या वेळेपासून एक रीत होती. खंडेनवमीला खिळ्यांच्या खणांची पूजा व्हायची. मिशनचा छापखाना खरा, पण त्या दिवशी ब्रदर किल्ली देत आणि स्वतः बाजूला उभे राहत. खण पुसायचे, हळदकुंकू लावायचं, यंत्रासमोर कोहळा फोडायचा, सगळ्यांना चुरमुरे. फादरही ओंजळ पुढे करायचे. पण पूजेआधी प्रत्येक खिळा आपल्या खणात पाहिजे. एकही पान बांधलेलं राहता कामा नये. रघुजी मुलाला सांगायचा, "कुणाचं अर्धं बोलणं दगडावर ठेवून देवीला रिकामे खण दाखवायचे नाहीत. ती समजेल, यांना अवजार नको झालं." म्हणून दर वर्षी आदल्या दिवशी सगळे जुळारी पानं सोडत. चाळीस वर्षांत खंड पडला नव्हता.

त्रेसष्टला पडला. फादरांनी हात जोडून सांगितलं, म्हणून खंडोजीनं पानं तशीच ठेवली, आणि अर्ध्या रिकाम्या खणांना कुंकू लावलं. दोन महिन्यांत फादरांचा डावा डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू, जुनाच असणार. चौसष्टच्या खंडेनवमीलाही पानं फळीवरच होती. पुढच्या संक्रांतीला उजव्या डोळ्यापुढे धूर येऊ लागला.

खंडोजी कुणाला बोलला नाही. गोजराबाईला तेवढं बोलला. तिनं तोंडावर पदर धरला.

"मी तेव्हाच म्हणणार होते."

"मग म्हणालीस का नाही?"

"तुम्ही ऐकणार होता?"

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई झाली. सायरन वाजे, दिव्यांना काळे कागद लागले, आणि फादर इस्पितळात गेले. डोळे पुरते गेले होते, आता हृदयही थकलं होतं. नवमी चार दिवसांवर आली. खंडोजी भेटायला गेला तेव्हा फादर झोपले होते. पांघरुणावर पडलेले त्यांचे हात मात्र हलत होते, पानं उलटल्यासारखे. तो उभ्यानंच परतला.

अष्टमीला दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यानं दगडाखालची पहिली फळी ओढली. दोरी दोन वर्षांत शिशाला चिकटली होती, नखानं सोडवावी लागली. एकदा त्याचा हात थांबला. मग त्यानं देवीचं नाव घेतलं आणि पहिली ओळ उचलली. "संस्कार सात आहेत," असं त्या ओळीत होतं. स, र, क, त, आपापल्या खणात टपटप पडत गेले. त्याची बोटं चालत होती, पण ओठांवर चाल नव्हती. त्या दिवशी आणि नवमीच्या सकाळी मिळून त्यानं चौसष्टच्या चौसष्ट पानं सोडली. इतरांना वाटलं, ब्रदरांनी सांगितलं असेल. ब्रदरांना वाटलं, फादरांनीच हार मानली, आणि खरं सांगायचं तर त्यांना सुटल्यासारखं झालं. पूजा झाली. दोन वर्षांनी खण काठोकाठ भरलेले होते. खंडोजीनं नमस्कार केला तो लवकर उठला नाही.

चौथ्या दिवशी पत्र आलं. राहिलेली पानं आहेत तशी छापावीत, जे बदललं असेल त्याची पुरवणी मागाहून काढता येईल.

ब्रदर चौरप्पा पत्र हातात घेऊन जुळाऱ्यांच्या खोलीत आले. "खंडोजी, काढ पानं! आजच दगडावर चढव!"

"पानं नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"सोडली. पूजेला."

ब्रदर चौरप्पा शांत माणूस. पण त्या दिवशी त्यांचा आवाज रस्त्यावर गेला. "कुणाला विचारून? अरे, दोन वर्षं मी तुझ्या त्या शिशाच्या ढिगाला ठेचकाळतोय! मी मोडलं नाही, आणि तू मोडलंस? तुझ्या कोहळ्यानं आमचा ग्रंथ गिळला रे!"

खंडोजीनं हात पुसले. मग म्हणाला, "मी फादरांना सांगून येतो."

"काही सांगू नकोस. त्या माणसाला सुखानं मरू दे."

"ते विचारतील, ब्रदर. माझ्याच्यानं खोटं निघणार नाही."

इस्पितळात फादर उशीला टेकून बसले होते. पायांच्या आवाजावरून ओळखलं. "खंडोजण्णा! पत्राचं कळलं मला. किती दिवस लागतील छापायला? आठ?"

खंडोजीनं सांगितलं. सगळं सांगितलं, बापाची रीत, रिकामे खण, डावा डोळा, उजवा डोळा. सांगताना तो पलंगाच्या पायाकडे बघत होता. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी बादली सरकवत होतं.

"म्हणजे माझ्या डोळ्यांसाठी सोडलीस."

"हो."

"मग, आले का परत डोळे?"

"नाही, फादर."

"डोळेही गेले, पानंही गेली." ते हसले, त्यात त्यांना ठसका लागला. पाणी प्यायल्यावर म्हणाले, "दोन वर्षं मी रोज मागणं मागत होतो, ती पानं जशीच्या तशी राहोत. आणि तू मागत होतास, मी राहो. आता देवानं कुणाचं ऐकायचं, सांग. गांगरला असेल बिचारा."

"माझी चूक झाली."

"झाली. मला राग आलाय. खरंच आलाय, असं समजू नकोस की नाही." त्यांनी डोळे मिटले, मिटून काही फरक पडत नव्हता तरी. "पण राग धरून ठेवायला जोर लागतो रे. मला आता नाही. तपासलेले कागद माझ्या कपाटात आहेत. डाव्या बाजूला. तू बघ."

खंडोजीनं किल्ली घेतली.

परत पहिल्यापासून. सोडलेली चौसष्ट पानं नव्यानं जुळवायची, आणि माणसं उरली होती दोन. दुसऱ्याला दिसायचं कमी. ज्या खिळ्यांनी खण भरले होते तेच पुन्हा उपसायचे. खंडोजी रविवारीही जाऊ लागला. शनिवारचं कीर्तन पहिल्यांदाच सुटलं. त्याची बोटं तिन्हीसांजेला वाकडी होऊन राहत, गोजराबाई गरम तेल लावून सरळ करी. "एवढ्या वेळात तुम्ही अख्खं रामायण जुळवलं असतं," ती म्हणायची. पण शिव्या देत नव्हती. सोळा पानं झाली, छापली. आणखी सोळा झाली, छापली. ख्रिसमसच्या सुमाराला अठ्ठेचाळीस झाली. परिषद संपल्याची बातमी तेव्हाच आली. ब्रदर म्हणाले, "आता या पानांतलं अर्धं जुनं झालं, खंडोजी."

"माणसंही जुनी झाली, ब्रदर. त्यांना कुठं टाकतो आपण?"

दुसऱ्या दिवसापासून ब्रदर स्वतः स्टूल ओढून दोन तास जुळवायला बसू लागले. त्यांना धड येत नव्हतं. त्यांच्या ओळी खंडोजी गुपचूप पुन्हा लावायचा.

जानेवारीत, शेवटच्या सोळा पानांतली सहा झालेली असताना, इस्पितळातल्या सिस्टरचा निरोप आला: भेटायचं असेल तर आज या.

खंडोजीनं मधली पानं तशीच ठेवून शेवटचं घेतलं. ह्यूगो. सकाळभरात जुळवला, शाई फासली, हातानंच कागद दाबून ठसा काढला, आणि ओला कागद वर्तमानपत्रात ठेवून बस धरली. दुपारचं ऊन होतं. खिडकीशी बसून तो कागदावर फुंकर घालत होता, आणि शेजारचा माणूस म्हणाला, "काय अण्णा, निकाल लागला काय?"

फादरांचा श्वास वर वर चालला होता. खंडोजीनं कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चेहऱ्याशी नेला, शाईचा वास घेतला. अंगठ्याला काळं लागलं.

"कुठलं पान?"

"शेवटचं."

"मधली?"

खंडोजीला सोपं होतं, झाली म्हणायला. "व्हायचीत, फादर. नऊ पानं व्हायचीत."

फादरांनी मान हलवली. "म्हण मग."

त्या खोलीत आणखी तीन रोगी होते, दारात सिस्टर उभी. खंडोजीला लाज वाटली. मग त्यानं घसा साफ केला आणि ह्यूगोची नोंद दिंडीच्या चालीत धरली. डोंगराळ गाव, पडकं देऊळ, मठात पळून जाणं, परत पाठवणं. आवाज दोनदा फाटला. चाळीस वर्षांची डोकेदुखी, पोपमागून पोप, अर्जामागून अर्ज. "तरीही त्याला मुक्त केलं गेलं नाही" या ओळीवर तो अडखळला.

फादरांचा हात उठला. "थांब. अडखळलास."

"माझा आवाज, फादर."

"आवाज नाही. वाक्य वाईट आहे." दोन श्वास गेले. "असं कर... 'तरीही त्याला कुणी सोडलं नाही.' म्हणून बघ."

खंडोजीनं म्हटलं. बसलं.

"हां," फादर म्हणाले. "एवढं दुरुस्त कर."

मग ते बोलले नाहीत. खंडोजीनं नोंद शेवटपर्यंत म्हटली, आणि संपल्यावर काय करायचं ते न कळून तसाच बसून राहिला. कोपऱ्यातल्या रोग्यानं कन्नडमध्ये विचारलं, पुढं काय झालं त्या साधूचं? खंडोजी म्हणाला, "तिथंच संपतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे फादर गेले. खंडोजीला कळलं तेव्हा तो दगडावर ती एक ओळ बदलत होता. त्यानं ती पुरी केली, मग टोपी घेतली.

चौथा खंड मार्चात बांधून आला. नऊ पानं झाली, सगळं झालं. फार कुणी घेतला नाही. लोक म्हणाले, आता पूजाच बदलली, याचं काय करायचं. पुरवणी काढायची होती, ती निघाली नाही. पहिल्या पानावर फादरांचं नाव आहे, जुळाऱ्याचं नसतंच. खंडोजीनं एक प्रत घरी आणून देव्हाऱ्याखाली ठेवली. त्या वर्षीच्या नवमीला छापखान्यात एकही पान बांधलेलं नव्हतं, खण भरलेले होते, आणि चुरमुऱ्यांसाठी पुढे होणारी एक ओंजळ नव्हती.

तर मंडळी, मागणं एवढंच. येत्या खंडेनवमीला आपापली अवजारं पुसाल, कुणी सुई, कुणी पाना, कुणी लेखणी, तेव्हा प्रसादातले चार चुरमुरे बाजूला काढा आणि फादर रायप्पांची आठवण ठेवा. आपल्या स्टेशनाच्या नऊ पानं अलीकडे उतरले ते.